जीनोम अ‍ॅनोटेशन

सजीवाच्या संपूर्ण डीएनए क्रमात (जीनोममध्ये) जनुके कोठे सुरू होतात, कोठे संपतात, त्यांतले टिकणारे (एक्झॉन) व वगळले जाणारे (इंट्रॉन) तुकडे कोणते, त्यांपासून कोणते प्रथिन किंवा आरएनए बनतो आणि त्याचे कार्य काय असावे, या नोंदी त्या क्रमावर चढवण्याचे काम. यात मोजमापापेक्षा अनुमानाचा वाटा मोठा असतो आणि पुरावा वाढला की अनुमान बदलते. मानवी जीनोमच्या २००१ च्या मसुद्यात प्रथिने घडवणारी जनुके ३०,००० ते ४०,००० असावीत असा अंदाज होता. २००४ मध्ये तो २०,००० ते २५,००० वर आला. आज आकडा २०,००० च्या आसपास आहे. माणूस तोच, बदलल्या त्या नोंदी. म्हणून कोणतेही अ‍ॅनोटेशन वापरताना त्याची आवृत्ती, तारीख आणि कृती नोंदवणे अपरिहार्य ठरते. उत्क्रांतीचा अभ्यास तर अनेक जातींच्या अशा नोंदी शेजारी ठेवूनच होतो. एका नोंदीतली चूक तेथे उत्क्रांतीतली ‘घटना’ बनून पुढे येते.

कोल्हापूर परिसर : शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन व जैवतंत्रज्ञान हे विभाग आहेत, शहरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. परिसरातले अभ्यासविषय एकमेकांहून फार वेगळे आहेत : शेतातला ऊस, सह्याद्रीच्या सड्यांवरची (खडकाळ पठारांवरची) कंदीलपुष्पे (सेरोपेजिया), निमास्पिस कोल्हापुरेन्सिस ही २००९ मध्ये वर्णन केलेली पाल, आणि इचलकरंजीसारख्या कापडगावांच्या रंगीत सांडपाण्यातले जिवाणू. या चारही ठिकाणी अ‍ॅनोटेशन वेगवेगळ्या जागी फसते.

नमुना : पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ नमुन्यात असते. राधानगरी अभयारण्यातून प्राणी किंवा वनस्पती घेण्यास वनखात्याची परवानगी लागते. परदेशी सहकारी असल्यास जैवविविधता कायदा, २००२ च्या तरतुदीही लागू होतात. वनस्पतीचा संदर्भनमुना हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक क्रमासोबत जोडावा. नाहीतर पुढे जातीचे नाव बदलले की तो क्रम नक्की कोणाचा, हे ठरवता येत नाही.

सिलिका जेलमध्ये सुकवलेले पान हरितलवकाच्या जीनोमला पुरते. लांब रीडसाठी (यंत्राने सलग वाचलेल्या डीएनए तुकड्यांसाठी) मात्र ताजे किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले ऊतक हवे. उसात पोंग्यातले कोवळे, न उलगडलेले पान घ्यावे. जून पानात फेनॉल व पॉलिसॅकराइडे जास्त असतात. डीएनए काढण्याच्या सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धतीच्या नेहमीच्या बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए आणि १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८) असते व निष्कर्षण ६५ अंश सेल्सिअसला होते. चिकट द्रव्य असलेल्या पानांसाठी मीठ २ मोलरपर्यंत वाढवतात आणि २ टक्के पीव्हीपी (फेनॉल बांधून ठेवणारे द्रव्य) घालतात. तळाशी जेलीसारखा गोळा दिसला किंवा २६० व २३० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचे (२६०/२३०) गुणोत्तर २ च्या बरेच खाली गेले, तर पॉलिसॅकराइडे शिल्लक आहेत असे समजावे. असा डीएनए प्रकाशशोषण मोजणाऱ्या नॅनोड्रॉपवर भरपूर दिसतो, डीएनएला चिकटणाऱ्या रंगद्रव्याने मोजणाऱ्या क्यूबिटवर त्याच्या निम्माही निघत नाही आणि नॅनोपोर या क्रमवाचक यंत्राची छिद्रे बुजवतो.

आरएनएसाठी प्राण्यांचे ऊतक अर्धा सेंटिमीटरपेक्षा पातळ कापून पाचपट आरएनएलेटर या संरक्षक द्रावणात ठेवतात, रात्रभर ४ अंशांवर मुरू देतात आणि मग गोठवतात. मेणचट पानांत हे द्रावण नीट शिरत नाही. तेथे द्रव नायट्रोजनला पर्याय नाही. पान, मूळ, कळी, फूल असे वेगवेगळे ऊतक घेणे गरजेचे असते. पानातला आरएनए फक्त पानात चालणाऱ्या जनुकांचा पुरावा देतो. कंदीलपुष्पाचा माशी अडकवणारा फुलोरा सोडून दिला, तर त्या वंशातली अभ्यासण्याजोगी बरीच जनुके पुराव्याविना राहतात.

कृती : वाचलेले तुकडे जोडून तयार केलेल्या जीनोमची तपासणी आधी करतात. बुस्को ही प्रणाली वंशात सर्वत्र एकेकच असणारी जनुके शोधते. भूवनस्पतींच्या ‘ओडीबी-१०’ संचात अशी १,६१४ आहेत. यांतली पुष्कळ सापडली नाहीत, तर पुढचे काम थांबवून जोडणी सुधारावी. अ‍ॅनोटेशन कितीही चांगले केले तरी जोडणीत नसलेले जनुक त्यात येणार नाही.

त्यानंतर पुनरावृत्त भाग झाकतात. रिपीटमॉडेलरने त्या जातीची स्वतःची पुनरावृत्तींची यादी करायची आणि रिपीटमास्करने ते भाग लहान लिपीतल्या अक्षरांत बदलायचे. त्यांच्या जागी एन (अज्ञात बेसची, म्हणजे डीएनएच्या अज्ञात अक्षराची, खूण) टाकणे टाळावे. त्याने एक्झॉनचे तुकडे पडतात. नेमके उलटे संकटही आहे. रोगप्रतिकाराच्या एनबीएस-एलआरआर जनुकांच्या जीनोममध्ये शेकडो प्रती असतात, त्यामुळे तीही पुनरावृत्ती म्हणून यादीत शिरतात. यादी ज्ञात प्रथिनांशी ताडून न गाळल्यास तांबेरा किंवा चाबूक काणीच्या प्रतिकाराची जनुके शोधायला निघालेल्या संशोधकाच्या हाती नेमकी तीच लागत नाहीत. झाकणे अपुरे राहिले, तर ट्रान्सपोझॉनची (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्यांची) एन्झाइमे ‘नवी जनुके’ म्हणून मोजली जातात. भाताच्या सुरुवातीच्या मसुद्यांतली जनुकसंख्या फुगली होती, त्याचे एक मोठे कारण हेच.

जनुकांचे भाकीत करताना आरएनए रीड हायसॅट-२ किंवा स्टार या साधनाने जीनोमवर बसवतात, जवळच्या जातींची प्रथिने जोडीला देतात आणि ब्रेकर-३ सारखी साधनांची साखळी चालवतात. तिच्यात जीनमार्क व ऑगस्टस ही भाकीत करणारी साधने त्या जातीच्या खुणा स्वतः शिकतात. दुसऱ्या जातीवर शिकवलेली ऑगस्टसची प्राचले (पॅरामीटर) जशीच्या तशी वापरणे सोपे असते. पण त्यात एक्झॉनच्या सीमा चुकतात. निकाल जीएफएफ-३ या नऊ स्तंभांच्या तक्त्यात मिळतो. त्यात मोजणी १ पासून सुरू होते, बेड या दुसऱ्या प्रकारच्या तक्त्यात ० पासून. एका बेसची ही सरक लक्षात न आल्याने कोडॉनची (तीन-तीन बेसच्या गटांची) अख्खी चौकट बिघडलेली प्रथिने अजूनही पाहायला मिळतात.

वनस्पतींत एकाच एक्झॉनच्या जनुकांचे अनेक एक्झॉनच्या जनुकांशी प्रमाण साधारण ०.२ असते. ते ०.५ च्या वर गेले, तर खोटी जनुके शिरली आहेत असे धरून चालावे. याउपर काही डझन जनुके जीनोम ब्राउझरमध्ये डोळ्यांनी तपासावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुधा टाळले जाते.

ऊस : आजचे लागवडीचे ऊस सॅकॅरम ऑफिसिनॅरम (८० गुणसूत्रे) आणि रानटी सॅकॅरम स्पॉन्टेनियम (४० ते १२८) यांच्या संकरातून आले. परिसरात सर्रास दिसणारा को ८६०३२ हाही कोइमतूरच्या संकरपरंपरेतला. अशा वाणांत १०० हून अधिक गुणसूत्रे, सुमारे १० अब्ज बेस आणि एकेका जनुकाच्या आठ-दहा किंवा जास्त प्रती असतात. रियुनियन बेटावरच्या आर-५७० वाणाचा जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तांबेरा रोखणाऱ्या ब्रू-१ स्थानावरची संभाव्य जनुके त्यातून हाती आली.

येथे नेहमीचे निकष फसवतात. बुस्कोमध्ये ‘दुहेरी’ जनुकांची टक्केवारी प्रचंड दिसते. द्विगुणित (गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या) वनस्पतीत तो दोष असतो, उसात तसेच अपेक्षित आहे. स्टारमध्ये एक रीड १० हून अधिक जागी बसला, तर मूळ मांडणीनुसार तो टाकून दिला जातो. उसात यामुळे चांगली, चालू जनुके पुराव्याविना राहतात, म्हणून ही मर्यादा आधीच वाढवावी. प्रतींचा गुंता सोडवताना ज्वारीचा आधार घेतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ज्वारीचा जीनोम सुमारे ७३ कोटी बेसचा, १० गुणसूत्रजोड्यांचा आहे आणि दोघांतला जनुकांचा क्रम बराचसा टिकून आहे. ज्वारीतल्या एका जनुकासमोर उसातल्या सर्व प्रती मांडल्या की गळालेली किंवा तुटलेली प्रत लगेच उघडी पडते.

लवके व तंतुकणिका : एक-दीड लाख बेसचा हरितलवक जीनोम १६ जीबी रॅमच्या संगणकावरही जोडता येतो, म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पांचा ओढा तिकडे असतो. स्वयंचलित साधने येथे ठरावीक जागी चुकतात. पेट-बी, पेट-डी आणि आरपीएल-१६ या जनुकांचे पहिले एक्झॉन ६ ते ९ बेसचेच असतात आणि हमखास सुटतात. आरपीएस-१२ चे तुकडे जीनोममध्ये दूरदूर असतात. एनडीएच-डी ची सुरुवात अनेक वनस्पतींत एसीजीने होते, कारण ते आरएनए संपादनाने पुढे एटीजी होते. साधन मात्र जनुक आत कोठेतरी सापडलेल्या एटीजीपासून सुरू करते. कंदीलपुष्पाच्या कुळातल्या अ‍ॅस्क्लेपियस वंशात तंतुकणिकेतला तुकडा हरितलवकात शिरल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले, तेव्हा असा तुकडा दिसल्यावर तो लगेच जोडणीची चूक म्हणून कापू नये.

पालींच्या तंतुकणिका जीनोममध्ये ३७ जनुके असतात : १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची, २ आरआरएनएची. येथे कोडॉनचा अर्थ सांगणारा सांकेतिक तक्ता क्रमांक २ (पृष्ठवंशीयांच्या तंतुकणिकांचा) निवडावा लागतो. नेहमीचा तक्ता १ राहिला, तर ट्रिप्टोफॅनचा टीजीए कोडॉन ‘थांबा’ म्हणून वाचला जातो आणि प्रथिने मधेच तुटतात. काही जनुकांच्या शेवटी नुसता टी किंवा टीए असतो आणि पॉलिअ‍ॅडेनिलेशनने (आरएनएच्या टोकाला ए ची शेपटी जोडली जाऊन) थांबा पूर्ण होतो. तेथे बेस हरवलेला नसतो.

जिवाणू : प्रोका किंवा बाक्टा ही साधने काही मिनिटांत नोंदी देतात, साधारण हजार बेसमागे एक जनुक पडते. धोका असतो तो नावांत. ‘अ‍ॅझोरिडक्टेज’ (अ‍ॅझो रंगांचा बंध तोडणारे एन्झाइम) आढळले म्हणून जिवाणू रंग विघटित करतो, हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण साध्या ई. कोलायमध्येही ते असते. ‘लॅकेज’ या ऑक्सिडीकरण करणाऱ्या एन्झाइमचे उदाहरण अधिक बोलके आहे. वायएफआय-एच कुटुंबातली प्रथिने वर्षानुवर्षे केवळ साम्यावरून लॅकेज म्हणून नोंदली गेली. पुढच्या कामात त्यांचा संबंध पेप्टिडोग्लायकनच्या (जिवाणूच्या पेशीभित्तीतल्या द्रव्याच्या) दुरुस्तीशी व प्युरीन न्यूक्लिओसाइडांशी आढळला, तरी जुने नाव कित्येक नोंदींत तसेच आहे. रंगविघटनाचा दावा एन्झाइमची क्रियाशीलता मोजून किंवा जनुक निकामी करूनच सिद्ध होतो.

उत्क्रांतीची तुलना : जातींतली समान उगमाची जनुके गटांत मांडणाऱ्या ऑर्थोफाइंडरला प्रत्येक जनुकाचे एकच, सर्वांत लांब प्रथिन द्यावे. सगळी पर्यायी रूपे दिली, तर तेच वाढलेले जनुककुटुंब भासते. उसात तर एकाच जनुकाच्या समांतर प्रतींचा फुगवटाही यात मिसळतो. डीएन/डीएस गुणोत्तर (अमिनो आम्ल बदलणाऱ्या व न बदलणाऱ्या बदलांच्या दरांचे) कोडॉनवार जुळणीवरच काढावे. एक चुकीचा एक्झॉन जुळणीत शिरला की तेथे अमिनो आम्ले भराभर बदलल्यासारखी दिसतात आणि ‘धन निवड’ (बदल फायद्याचे म्हणून टिकल्याची खूण) जाहीर होते.

सर्वांत मोठा सापळा मिश्र अ‍ॅनोटेशनचा. एका जातीच्या नोंदी एका साखळीतून आणि दुसरीच्या वेगळ्या साखळीतून आल्या असतील, तर ‘फक्त याच वंशात आढळणारी’ जनुके भरमसाट दिसतात. २०२२ मधल्या एका विश्लेषणात ही वाढ १५ पटींपर्यंत गेली. उपाय खर्चिक पण सरळ आहे : तुलनेतल्या सर्व जीनोमचे एकाच साखळीने नव्याने अ‍ॅनोटेशन करणे आणि ‘नसलेले’ प्रत्येक जनुक दुसऱ्या जातीच्या कच्च्या क्रमात टीब्लास्टएनने (प्रथिनाशी जुळणारा डीएनए शोधणाऱ्या साधनाने) शोधून पाहणे. दूषित नमुन्याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये एका टार्डिग्रेडची (अतिसूक्ष्म प्राण्याची) सुमारे १७ टक्के जनुके परक्या सजीवांकडून आल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी त्यांतली बहुतेक जिवाणूंच्या भेसळीतून आल्याचे दिसून आले. मातीतून काढलेल्या कंदाच्या नमुन्यात हीच शक्यता धरून कॉन्टिगांचे (जोडून झालेल्या सलग तुकड्यांचे) जीसी प्रमाण (जी व सी बेसचा वाटा) व रीडखोली (एका जागी किती रीड बसले) आधी पाहावी.

जमा करणे : क्रम व नोंदी जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे या आंतरराष्ट्रीय संग्रहांत, तसेच फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करता येतात. जेनबँकसाठी प्रकल्प व नमुन्याचे क्रमांक आणि अक्षराने सुरू होणारा ३ ते १२ वर्णांचा लोकस-टॅग उपसर्ग (प्रत्येक जनुकाच्या क्रमांकाआधी येणारा) आधी घ्यावा लागतो. अर्ज परत येण्याची नेहमीची कारणे म्हणजे प्रथिनाच्या मध्ये आलेला थांबा-कोडॉन, शिल्लक अ‍ॅडॅप्टर (क्रमवाचनासाठी जोडलेले कृत्रिम तुकडे) आणि ‘हायपोथेटिकल’ (कार्य अज्ञात) असायला हवे तेथे टाकलेले ठाम नाव. जीएफएफ-३ सोबत साधनांच्या आवृत्त्या, दिलेली प्राचले आणि पुनरावृत्तींची यादीही ठेवावी. ती यादी नसेल तर दुसऱ्याला हेच अ‍ॅनोटेशन पुन्हा तयार करता येत नाही.