जुन्या संगणकासाठी मुक्तस्रोत कार्यप्रणालीची निवड

नवी विंडोज न पेलणाऱ्या संगणकावर लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीचे कोणते वितरण (म्हणजे बसवायला तयार असलेला संच) निवडावे, हे ठरवण्याची प्रक्रिया. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे नागपुरातल्या घरांत, शिकवणी वर्गांत आणि छापखान्यांत धडधाकट चालणाऱ्या कित्येक यंत्रांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

आधी प्रोसेसर पाहावा. तो ३२-बिट असेल तर पर्याय फार थोडे उरतात: उबंटू या वितरणाने अशा यंत्रांसाठी डेस्कटॉप आवृत्ती काढणे केव्हाच सोडले, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या वितरणामध्येही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. अँटीएक्ससारखे हलके वितरण तिथे चालते. ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असल्यास लिनक्स मिंट या वितरणाची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती बहुतेकांना पुरते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने आहेत. २ जीबीवर तीही सुरू होते, पण रॅम खरी खातो तो ब्राउझर. दोन-चार टॅब उघडले की हलक्या डेस्कटॉपने वाचवलेले सगळे तिकडेच जाते. म्हणून वितरणांवरून वाद घालण्याआधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकावी. फरक तिथे जास्त पडतो.

मराठी टंकलेखनाची अडचण नाही. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, नोटो आणि लोहित हे युनिकोड फॉन्टही सहज मिळतात. खरी अडचण डीटीपीवाल्यांची. लग्नपत्रिका नि पावतीपुस्तकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रणालीमध्ये, तेही जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत, आणि पेजमेकरची लिनक्स आवृत्ती नाही. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निव्वळ निरर्थक अक्षरे दिसतात. अशा ठिकाणी ते एक यंत्र विंडोजवरच, इंटरनेटची वायर काढून ठेवलेले बरे.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. पारा ४५ अंशांपलीकडे गेला, पंख्यात धूळ साचली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली, की तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. बोल मात्र कार्यप्रणालीला लागतो. यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, ओल आत जाते. आधी साफसफाई करून घ्यावी, मग वितरण बदलायचे की नाही ते पाहावे.

अंतिम पसंतीपूर्वी वितरण पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच यंत्र सुरू करता येते. डिस्कला हात लागत नाही. तेवढ्यात वाय-फाय, आवाज, वेबकॅम आणि प्रिंटर तपासून घ्यावेत. जुन्या लॅपटॉपमधली ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप बरेचदा वेगळा ड्रायव्हर मागते, तो उतरवायला केबल किंवा मोबाइलचे यूएसबी टेदरिंग (केबलने मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे) हाताशी लागते. पेनड्राइव्हवरून सगळे थोडे संथ चालते, एवढे धरून चालावे. इन्स्टॉलरमध्ये ‘सगळी डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्याआधी फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे उतरवलेला असावा.