कापसाचा भाव कुठे ठरतो : विदर्भातील जागतिकीकरणाची पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्ह्यातील जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा आहे. १८७० मध्ये तो सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी त्यांनी वऱ्हाड गाठले, ते खामगावच्या कापसाच्या पेठेमुळे. जागतिकीकरण भारतात १९९१ साली आले असे आपण सर्रास म्हणतो; विदर्भाच्या कास्तकाराच्या बाबतीत ते त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी दाराशी आले होते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला होताच. या टंचाईत मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव गगनाला भिडले, हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलमध्ये गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरपर्यंत पोहोचले. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. परंतु वऱ्हाडातील पीकपद्धती मागे फिरली नाही. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, रोख पैशात भरायच्या सरकारी साऱ्यापायी सावकाराचे घर जवळ आले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात, पांढरे सोने पिकवणाऱ्या या मुलखात, माणसे मोठ्या संख्येने दगावली.

स्वातंत्र्यानंतर हे दार बरेचसे बंद झाले. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केली आणि राज्यातील सारा कापूस सरकारी यंत्रणेमार्फतच विकण्याचे बंधन आले. भाव आधीच ठाऊक असे, अडत्याची मनमानी चालत नसे, हे या योजनेचे खरे बळ होते. मात्र चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, रखडत, प्रतवारीवरून तंटे होत आणि शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस रात्रीतून सीमेपार जाई. योजनेचा तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपुष्टात आला.

तो संपला ती वेळ याहून वाईट असू शकली नसती. १९९१ च्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन आणि नवे आर्थिक धोरण आले, १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास कापसाची आयातही खुली झाली. १९९५ मध्ये जागतिक बाजारात एक पौंड वजनाला एक डॉलरहून अधिक असलेला रुईचा भाव २००१ च्या अखेरीस ४० सेंटच्या खाली आला. याला चांगले पीक हे एक कारण होते, तसेच अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना दिलेले अब्जावधी डॉलरचे अनुदान हेही होते. भाव पडला तरी तिथला शेतकरी पेरतच राहिला आणि त्याचा स्वस्त कापूस बाहेर पडत राहिला. १९९९ ते २००२ या हंगामांत भारतात दरवर्षी २० लाखांहून अधिक गाठी आयात झाल्या. ही झळ विदर्भापुरती नव्हती. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हाच प्रश्न मांडला. ब्राझीलने तर २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध रीतसर तक्रार नेली, ती जिंकली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन वाद मिटवला. भारत मोठा उत्पादक असूनही अशी तक्रार घेऊन गेला नाही, हे नमूद करायलाच हवे.

याच काळात, मार्च २००२ मध्ये, जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला तोंड देणाऱ्या या वाणांमुळे देशाचे उत्पादन सुमारे दीड कोटी गाठींवरून दशकभरात चार कोटींच्या घरात गेले आणि आयातदार देश मोठा निर्यातदार बनला. परंतु भारतात हे तंत्रज्ञान संकरित वाणांतूनच आले, म्हणजे घरची सरकी पेरण्याची सोय उरली नाही आणि दर हंगामाला कृषी सेवा केंद्राची पायरी चढावी लागली. ४५० ग्रॅमचे पाकीट सुरुवातीला १,६०० रुपयांच्या आसपास होते. आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये तक्रार केल्यानंतर ते ७५० वर आले. कोरडवाहू रानात पावसाने ताण दिला की खर्च जातो आणि कर्ज उरते. पुढे गुलाबी बोंडअळीच या वाणांना जुमानेनाशी झाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले.

शेतकरी आत्महत्यांचे सत्र वाढल्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मध्ये विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. दोन वर्षांनी देशव्यापी कर्जमाफी झाली, पण तिला पूर्ण लाभासाठी पाच एकरांची मर्यादा होती. कोरडवाहू विदर्भात धारणा मोठी आणि उत्पन्न लहान, त्यामुळे अनेक जण त्यातून निसटले. मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागे, त्यासाठी सातबारा नावावर लागे. ठेक्याने जमीन कसणारा किंवा जमीन नावावर नसलेली बाई या हिशेबात शेतकरी ठरतच नसे. वेचणीचे काम मात्र जवळजवळ सगळे बायकांचेच, आणि मजुरी किलोवर.

हे सारे खुल्या बाजारानेच घडवले, असे म्हणणे सोपे आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी नेमके उलट सांगत. शेतमालाचे भाव सरकारच पाडते, म्हणून बाजार खुला हवा, असा त्यांचा आग्रह होता आणि जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरलेल्या डंकेल प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला होता. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होता आले नाही, तरी पुढच्या घटनांनी त्यांच्या युक्तिवादाला बळच दिले. जागतिक भाव चढू लागताच एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली गेली. मार्च २०११ मध्ये एक पौंड रुईचा भाव दोन डॉलरच्या पार गेला तेव्हाही निर्यातीवर मर्यादा होती आणि मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. मंदीत दार उघडे आणि तेजीत बंद, असा हा व्यवहार गिरण्यांच्या सोयीचा होता.

२०२१ मध्ये कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादण्याच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, ते हटवण्यात आले. कापडाच्या निर्यातदारांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू होता. सवलतीची मुदत आधी सप्टेंबरअखेर होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामापर्यंत वाढली. पहिला निर्णय झाला त्या आठवड्यात विदर्भातील पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, नुकती पाती (फुलकळ्या) लागत होती.