आभाळ कोरडं, मग पूर कसा?

"आपल्याकडे पाऊसच नाही, पुराचा इशारा म्हणजे नुसती घबराट," असा निरोप सोलापुरात पावसाळ्यात फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे, जिल्हा अवर्षणप्रवण. पण भीमा उगम पावते भीमाशंकरला. सह्याद्रीत कोसळलेला पाऊस उजनीत येतो आणि धरण भरत आलं की पाणी सोडावंच लागतं. पुढे नरसिंहपूरला नीरा मिळते, मग पंढरपूर. म्हणून डोक्यावर ऊन असतानाही चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं.

पडताळायचं तर नकाशावर नदीच्या उलट्या दिशेनं बोट फिरवा. उजनीसोबत नीरेवरच्या वीर धरणाचाही विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, बघा; तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सोडलेलं पाणी पोहोचायला काही तास लागतात. जनावरं आणि नदीवरच्या मोटारी वर काढायला तेवढाच वेळ हाती असतो.