ग्राहक आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणी (विकासकाविरुद्ध)

ग्राहक आयोगाचा अंतिम आदेश विकासक पाळत नसेल, तर तो पाळायला लावण्यासाठी तक्रारदाराने आयोगाकडे पुन्हा अर्ज करून चालवायची प्रक्रिया. या अर्जाला ‘दरखास्त’ म्हणतात. दिवाणी न्यायालयांतली ही जुनी संज्ञा इथेही रुळली आहे. आदेश पैशांचा असू शकतो (भरलेली रक्कम व्याजासह परत, भरपाई) किंवा कृतीचा (ताबा, भोगवटा प्रमाणपत्र, गृहनिर्माण संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीच्या मालकीचा दस्त करून देणे). हा भेद पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे १९९३ च्या दुरुस्तीने ग्राहक संरक्षण कायद्यात आले. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठरवले आणि सदनिकाधारकांना ग्राहक मंचाची (जिल्हा आयोगाचे जुने नाव) दारे निर्विवादपणे उघडली. १९८६ च्या मूळ कायद्यातील कलम २५ नुसार मंचाचा आदेश हुकूमनाम्याप्रमाणे (दिवाणी न्यायालयाच्या अंतिम निवाड्याप्रमाणे) बजावता येई आणि मंचाला ते जमले नाही, तर तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवता येई. कलम २७ मध्ये आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा दोन ते दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती.

२००२ च्या दुरुस्तीने, जी १५ मार्च २००३ पासून लागू झाली, कलम २५ पूर्णपणे बदलले. नव्या पहिल्या पोटकलमात मालमत्ता जप्तीचा अधिकार आला, पण तो ‘अंतरिम आदेश’ (अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता आदेश) न पाळल्यास. तिसऱ्या पोटकलमाने येणे रकमेसाठी जिल्हाधिकाऱ्याकडे वसुली दाखला पाठवण्याची सोय केली. रक्कम मग जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हायची. दोन्ही एकत्र वाचली की मधली फट दिसते. पैशांच्या अंतिम आदेशाला वसुली दाखला होता, अंतरिम आदेशाला जप्ती होती; पण ‘अभिहस्तांतरण करून द्या’ अशा अंतिम आदेशाला कलम २७ च्या शिक्षेखेरीज काहीच उरले नाही. शिक्षा भोगून विकासक बाहेर आला, तरी दस्त नोंदवला जात नाही. कलमाचा मथळा मात्र सर्वसाधारणपणे ‘आदेशांची अंमलबजावणी’ असाच राहिला. त्यामुळे ‘अंतरिम’ हा शब्द हेतुपुरस्सर नसून मसुद्यातली चूक असावी, हे मत अधिक पटणारे आहे. शब्दशः अर्थ लावणाऱ्यांचे म्हणणे असे की, संसदेने लिहिलेला शब्द आयोगाने पुसू नये.

हा वाद पुण्यातील पाम ग्रोव्हज् सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निकाली निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या काळापुरते तिथे ‘अंतरिम आदेश’ ऐवजी ‘कोणताही आदेश’ असे वाचावे, असे ठरवले. त्या सतरा वर्षांतील अंतिम आदेशही त्यामुळे हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतात.

२० जुलै २०२० पासून २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. कलम ७१ आयोगाच्या आदेशाला हुकूमनाम्याच्या पंक्तीला बसवते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा ‘आदेश २१’, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे नियम असलेला भाग, लागू करते. कलम ७२ मधील कैदेची मुदत पूर्वीचीच आहे. दंड मात्र किमान पंचवीस हजार ते एक लाख रुपये झाला. जिल्हाधिकाऱ्याकडील वसुली दाखल्याची वाट नव्या कलमात नाही. महाराष्ट्रात याबाबत बराच गोंधळ दिसतो, कारण महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) वसुली वॉरंटे स्थावर संपदा कायद्याच्या कलम ४० खाली अजूनही जिल्हाधिकाऱ्याकडेच जातात. त्या दोन वाटा वेगळ्या आहेत.

आदेश २१ खाली प्रत्यक्षात काय घडते? पैशांच्या आदेशाची पूर्तता तीस दिवस झाली नाही, तर नियम ४१ खाली विकासकाकडून मालमत्तेचे शपथपत्र मागता येते. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. बँक खात्यावर टाच आणता येते. स्थावराच्या जप्तीत नियम ५४ अजूनही दवंडी पिटण्याची भाषा बोलतो आणि हुकमाची प्रत जागेवर ठळक ठिकाणी चिकटवायला सांगतो. बेलिफ साइट ऑफिसात गेला, तर टेबल-खुर्च्या, एखादा संगणक आणि प्रकल्पाची प्रतिकृती एवढेच हाती लागण्याचा संभव अधिक. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव बहुधा मूळ मालकाचे असते. विकासकाकडे विकसन करारनाम्याने मिळालेले हक्क असतात आणि न विकलेल्या सदनिका पुष्कळदा बँकेकडे गहाण. म्हणून दरखास्तीत मालमत्तेचे वर्णन देताना सर्व्हे क्रमांकाबरोबर सदनिका क्रमांक आणि मजला लिहावा लागतो. अभिहस्तांतरणाच्या आदेशात नियम ३४ खाली विकासकाच्या वतीने आयोगच दस्त निष्पादित करू (सही करून पूर्ण करू) शकतो. संस्थांच्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगी नियम हाच.

तक्रारदाराच्या हाती पहिली रक्कम अनेकदा जप्तीतून नव्हे, अपिलातून येते. जुन्या कायद्यात राज्य आयोगाकडील अपिलासाठी विकासकाला आदेशाच्या निम्मी रक्कम किंवा पंचवीस हजार रुपये, यांपैकी जी कमी ती भरावी लागे. आता सरळ पन्नास टक्के. ही अट टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. स्थगिती नसेल, तर केवळ अपील दाखल झाल्याने दरखास्त थांबत नाही.

दरखास्तीच्या मुदतीबद्दल मतभेद आहेत. तक्रारीची दोन वर्षांची मुदत इथेही लावण्याकडे काहींचा कल आहे. परंतु ते कलम तक्रारीपुरते आहे. आदेश हुकूमनाम्यासारखा मानला, तर मुदत कायद्यातील बारा वर्षे अधिक सुसंगत वाटतात.

विकासक कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली तिच्याविरुद्धची वसुली थांबते आणि ग्राहकाला दावा अंतरिम निराकरण व्यावसायिकापुढे (या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्यापुढे) मांडावा लागतो. व्यक्तिगत दिवाळखोरीतल्या तात्पुरत्या स्थगितीचा आडोसा मात्र आयोगाने जुन्या ग्राहक कायद्याच्या कलम २७ खाली केलेल्या दंडाला मिळत नाही, असे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरले. संचालकांविरुद्ध दरखास्त पुढे नेण्यास जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाव दिला होता. पण त्याच प्रकरणाच्या पुढच्या फेरीत, २०२५ मध्ये, मूळ आदेशाने ज्यांना जबाबदार धरलेले नाही अशा संचालकांकडून वसुली करता येणार नाही, असे म्हटले. भागीदारी संस्थेच्या बाबतीत आदेश २१ चा नियम ५० थोडा उदार आहे. तरीही जाणते वकील तक्रार लिहितानाच प्रत्येक भागीदाराला आणि संचालकाला नावानिशी सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करतात व त्याने नेमके काय केले, याचा वेगळा परिच्छेद घालतात.