वाटेकडेचा फुलांचा पट्टा आपल्याकडे आला कसा?

सरकारी बंगला, जुना जिमखाना, कॅन्टोन्मेंटमधलं चर्च किंवा कृषी महाविद्यालय, कुठेही जा. फाटकापासून पायरीपर्यंतची वाट ओळखीची असते. दोन्ही कडांना तिरप्या रोवलेल्या विटा, त्यांवर गेरू आणि चुन्याचे आलटूनपालटून हात, आणि विटांच्या आत हात-दीड हात रुंदीच्या पट्ट्यात पिटुनिया, फ्लॉक्स, साल्विया, मागे डेलिया. दिवाळीच्या आसपास रोपं लावायची, होळीनंतर उपटून टाकायची. हा पट्टा इंग्रजांनी आणला हे कुणीही सांगेल. पण त्याची जी तऱ्हा आपल्याकडे रुजली, तिच्याविरुद्ध खुद्द इंग्लंडमध्ये त्याच काळात बंड झालं होतं.

१८४५ साली ब्रिटनने काचेवरचा कर रद्द केला आणि काचघरं आवाक्यात आली. दक्षिण आफ्रिकेतली जिरेनियम आणि लोबेलिया, दक्षिण अमेरिकेतली पिटुनिया आणि व्हर्बिना, टेक्सासहून थॉमस ड्रमंड यांनी १८३५ साली पाठवलेल्या बियांपासून झालेला फ्लॉक्स, ही सगळी थंडीला भिणारी मंडळी. ती काचघरात वाढवायची, धुकं-दहिवर सरलं की हजारोंनी बाहेर मांडायची आणि शरदात काढून फेकायची. वाफे सतरंजीसारखे, एकाच उंचीचे, डोळ्यांत भरणाऱ्या रंगांचे. खर्च अफाट होता आणि तो दिसावा हाच हेतू होता. गावच्या जमीनदाराने दहा हजार रोपं लावावीत, तर ड्यूकने चाळीस हजार, अशी थट्टा तेव्हाच्या माळ्यांमध्ये चाले.

या थाटावर तुटून पडला विल्यम रॉबिन्सन हा आयरिश माळी. १८७० आणि १८८३ सालच्या त्याच्या पुस्तकांचा सूर साधा होता: थंडी सोसणारी, जमिनीतच राहून दरवर्षी पुन्हा फुटणारी झाडं लावा, दर हंगामाला वाफा उचकटू नका. माणूस भांडखोर, लिहिणं झोंबणारं. अर्थात ही कल्पना त्याने शोधलेली नव्हती. चेशायरमधल्या आर्ली हॉलला वाटेच्या दोन्ही बाजूंनी बहुवर्षायू फुलझाडांचे लांब पट्टे १८४६ पासूनच होते, आणि ते आजही फुलतात.

मात्र पट्ट्याला कलेचा दर्जा मिळवून दिला तो गर्ट्रूड जेकिल यांनी. त्या मुळात चित्रकार आणि भरतकामात तरबेज. पन्नाशीच्या आतच डोळे अधू झाले, बारीक काम सुटलं आणि सगळी नजर बागेकडे वळली. सरेमधल्या त्यांच्या मन्स्टेड वुड या घरी मुख्य पट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. दोन्ही टोकांना राखाडी पानं, निळी-पांढरी-फिकट पिवळी फुलं. मध्याकडे येता येता रंग तापत जाऊन नारिंगी आणि लालभडक. रोपं रांगेत नाहीत, तर लांबट, तिरक्या पुंजक्यांत, म्हणजे एक पुंजका फुलून गेला तरी उघडी जागा अंगावर येत नाही. मागच्या भिंतीलगत माळ्यापुरती एक अरुंद वाट सोडलेली, पाहुण्यांना न दिसणारी.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. डेल्फिनियम या उंच, निळ्या तुऱ्यांच्या फुलझाडाचा बहर संपला की त्याची वाळकी ताटं उपटायची नाहीत. मागे लावलेला वाटाण्याच्या जातीचा फुलवेल त्यांच्यावर ओढायचा. तोही ओसरला की क्लेमॅटिस या दुसऱ्या फुलवेलाची पाळी. एकाच जागेवर तीन बहर. आणि तरीही भगदाड उरलंच तर लिलीची किंवा हायड्रेंजियाची कुंडी आणून तिथे बसवून द्यायची. पुस्तकात ‘नैसर्गिक’ म्हणून वाखाणला गेलेला हा पट्टा प्रत्यक्षात असा नाटकाच्या विंगेतून चालवला जाई.

आता आपल्याकडे. कलकत्त्याची कृषी-उद्यान संस्था १८२० ची, पुण्याची १८३० ची. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. पहिल्या दोन्ही संस्था जुन्या, पण बागांची पुढची जडणघडण झाली ती हंगामी रोपं मांडलेल्या वाफ्यांच्या भरात. पण निव्वळ फॅशन हे कारण मला पुरेसं वाटत नाही. हंगामी फुलांचं बी कोरडं असतं, ते पाकिटातून बोटीने येऊ शकतं. डेल्फिनियम-पिओनीसारख्यांना कडक हिवाळ्याची झोप लागते, ती दख्खनमध्ये मिळत नाही. उलट पुण्याचा पौष-माघ त्या हंगामी फुलांना इंग्लंडच्या उन्हाळ्यासारखाच मानवतो. शिवाय साहेबाची बदली कधीही व्हायची. तीन महिन्यांत फुलून मोकळं होणारं झाड त्याला सोयीचं.

जेकिल यांच्यासोबत आयुष्यभर काम केलेले वास्तुकार एडविन लट्यन्स दिल्लीला व्हाइसरॉयची बाग आखायला बसले, आणि तिथेही उद्यानतज्ज्ञ डब्ल्यू. आर. मस्टो यांनी १९२८-२९ च्या सुमारास लागवड केली ती भर हिवाळी हंगामी फुलांवर दिलेली. हवेपुढे लट्यन्सचंही काही चाललं नाही.

वाफ्याच्या पातळीचाही इतिहास आहे. मुघल बागेत वाट उंच आणि वाफा खाली असतो, कारण पाणी पाटाने येतं. आपल्या विटांच्या आतली माती तशीच खोलगट ठेवली जाते. हिवाळ्यात ते बरोबरच, पण आषाढात तिथे डबकं होतं, म्हणून पावसाळाभर पट्टा ओसाड. नेमक्या याच दिवसांत, श्रावण-भाद्रपदात, कासचं पठार तेरड्याने गुलाबी झालेलं असतं.

जेकिलपंथी पट्टा इथे जमायचाच असेल तर तो पावसाळी असायला हवा, असं माझं मत. आपल्याकडेही झोपणारी झाडं आहेतच, फक्त ती उन्हाळ्यात झोपतात. मागे कर्दळ आणि थोडी सावली असेल तिथे सोनटक्का, मध्ये तेरड्याचे पुंजके आणि काठीच्या आधाराने कळलावी (तिचे कंद विषारी, लहान मुलांपासून जपून), पुढच्या कडेला अबोली आणि पावसाळी लिली. दीड हातात एवढ्या उंच्या मावत नाहीत. पाच-सहा फूट रुंदी हवी, आणि माती वाटेपेक्षा वीतभर वर. जून ते ऑक्टोबर निभावतं. पुढे कळलावी जमिनीत जाते, तेरडा बी झाडून मरतो, त्या मोकळ्या जागांत झेंडू आणि हिवाळी रोपं घालता येतात. खरी अडचण एप्रिल-मेची. तेव्हा सदाफुली आणि बोगनवेलीच्या कुंड्या कोपऱ्यात तयार ठेवायच्या आणि भगदाड पडेल तिथे काठापर्यंत मातीत पुरायच्या.