शेवटचा वर पोचल्यावरच डबे उघडायचे

रविवारी सकाळी सव्वासहाला आमचा गट पुण्याची वेताळ टेकडी चढायला लागतो. कधी बारा जण असतात, कधी वीस. निवृत्त झालेले काका-काकू आहेत, रात्रपाळी संपवून थेट येणारी आयटीतली दोन मुलं आहेत, सुनेला सोबत घेऊन येणाऱ्या एक आजीही आहेत. जुन्या खाणीच्या कडेने जायचं, वेताळबाबाला नमस्कार करायचा, पुढे सावली बघून वर्तमानपत्रं पसरायची आणि डबे उघडायचे. गटाला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नियम एकच आहे: शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही.

या नियमाकडे पहिली दोन वर्षं मी नुसती शिस्त म्हणून बघत होतो. चालणं आणि एकत्र जेवणं यांवरचं संशोधन वाचायला लागलो तेव्हा कळलं की सगळ्या उपक्रमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट बहुधा तीच आहे.

आधी चालण्याबद्दल. काळजीत असलेलं मन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चघळत राहतं. मी त्याला असं का बोललो, तिने फोन का उचलला नाही, हे असंच चालू राहणार का. गुरं चारा चघळतात तसं हे मनाचं रवंथ. फरक इतकाच की गुरांना त्यातून पोषण मिळतं, आपल्याला मिळत नाही. हे रवंथ फार वाढलं की नैराश्याची शक्यता वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये यावरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. 38 शहरी माणसांचे दोन गट करून एकाला गवताळ, अधूनमधून झाडं असलेल्या भागात आणि दुसऱ्याला वाहत्या हमरस्त्याच्या कडेने 90 मिनिटं चालायला लावलं. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, मेंदूचं स्कॅनही केलं. झाडांमधून चालून आलेल्यांचं रवंथ कमी झालं होतं, आणि कपाळामागे खोलवर असलेल्या, उदास विचारांच्या वेळी जास्त काम करणाऱ्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावली होती. रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये असा बदल दिसला नाही. चालणं दोघांचं सारखंच, फरक आजूबाजूचा.

स्टीफन आणि रेचल कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याची एक उपपत्ती मांडली आहे. नळ स्टॉपचा चौक ओलांडताना आपण लक्ष जबरदस्तीने एकवटून ठेवतो: सिग्नल, उलट बाजूने येणारी दुचाकी, मागचा हॉर्न. असं लक्ष थकतं. टेकडीवर मोर ओरडला, वाऱ्याने गिरिपुष्पाची पानं हलली की लक्ष आपसूक तिकडे जातं, त्याला ढकलावं लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं.

किती वेळ घालवायचा? इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2019 च्या अभ्यासात आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान निसर्गात अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा चांगलं आढळलं. ती मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. पण हे सर्वेक्षण आहे. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त बाहेर पडतात, हेही खरं असू शकतं. म्हणून दोन तासांचा आकडा मंत्रासारखा घोकू नये.

आता गटाने चालण्याकडे येऊ. 2015 मध्येच 42 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात घराबाहेर गटाने चालणारे 1,843 लोक होते. त्यांचा रक्तदाब थोडा उतरला, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके कमी झाले, नैराश्याच्या मोजमापातही सुधारणा दिसली. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. सुमारे तीन चतुर्थांश लोक शेवटपर्यंत टिकले. एक जानेवारीला जिमचे पैसे भरणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड आहे.

लोक का टिकतात? ऑक्सफर्डमधल्या वल्हेकरी विद्यार्थ्यांवर झालेला एक छोटा प्रयोग इथे आठवतो, 2010 सालचा. वल्हवण्याच्या यंत्रावर त्यांनी एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी मिळून, एका लयीत, सारखीच मेहनत केली. नंतर दंडाला पट्टा आवळून वेदना किती सहन होते ते मोजलं. मिळून वल्हवल्यावर सहनशक्ती जास्त भरली. शरीरातली वेदनाशामक रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन, अशा वेळी जास्त स्रवतात असा संशोधकांचा अंदाज आहे. टाळांच्या ठेक्यावर पावली खेळत पंढरीची वाट चालणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

आणि मग डबे. हा भाग लोक चालण्यानंतरचा विरंगुळा समजतात. मी तसं समजत नाही.

केटलिन वुली आणि आयलेट फिशबाख या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना चिप्स आणि चटणीसारखा साल्सा खायला दिला. काही जोड्यांना एकाच वाडग्यात, काहींना वेगवेगळ्या वाडग्यांत. मग एकाने कंपनीचा आणि दुसऱ्याने कामगार संघटनेचा माणूस व्हायचं आणि पगारावर तोडगा काढायचा. तोडगा निघेपर्यंत संप चालू, नुकसान दोघांचं. एका वाडग्यातून खाल्लेल्यांचा तोडगा सरासरी नऊ फेऱ्यांत निघाला, वेगळं खाल्लेल्यांना तेरा लागल्या. खाणं तेच, माणसं तितकीच अनोळखी. पण एका वाडग्यातून खाताना समोरच्याचा हात कुठे जातोय ते बघावं लागतं, आपला हात जरा आवरावा लागतो.

आपल्याकडे याला अंगतपंगत म्हणतात. टेकडीवर हे अगदी जवळून दिसतं. आजींच्या स्टीलच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या असतात. शेवटची एक उरली की डबा गोल फिरतो. प्रत्येक जण "तुम्ही घ्या" म्हणतो, आणि अखेर कुणीतरी ती मोडून चार जणांत वाटतो. घासभर पुरीवर चाललेली ही देवघेव म्हणजे त्या वाडग्याचंच काम. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जाण्याची आवळीभोजनाची रीत आहे, भोंडल्यात फेर धरून गाणी म्हटल्यावर खिरापत आहे. हालचाल आणि मग वाटून खाणं, हा क्रम आपल्याला जुनाच आहे.

याचं मोल किती, तर 2010 मध्ये 148 अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून बघितली गेली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकाकीपणा ग्रासतो. ज्याला खरोखर नैराश्याचा आजार आहे त्याने डॉक्टरकडे जायलाच हवं, टेकडी औषधाच्या जागी नाही. पण डॉक्टरकडे जा, असं हक्काने सांगणारं माणूस अशा गटातच भेटतं, हे मी पाहिलं आहे.

गट सुरू करणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगेन. घड्याळातली पावलं आणि वेग यांची चढाओढ लागू देऊ नका. मागे पडणारा लाजतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. आणि कागद, उरलंसुरलं सगळं पिशवीत घालून खाली आणा. मोरांना पोळीचे तुकडे टाकू नका, त्यांचं खाणं त्यांना मिळतं.

मागच्या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. गुडघे इतके धरले होते की दोन महिन्यांनी गेलो तेव्हा खाणीपाशीच बसकण मारली. सगळ्यांना पुढे जायला सांगितलं. आयटीतला एक मुलगा माझ्याबरोबर थांबला, काही न बोलता गवत तोडत बसला. आम्ही वर पोचलो तेव्हा पाऊण तास उलटला होता, ऊन चढलं होतं. वर्तमानपत्रं पसरलेली होती, त्यांवर दगड ठेवले होते. डबे मधोमध रांगेत मांडले होते आणि एकाचंही झाकण निघालेलं नव्हतं.