निगेटिव्हचा नारिंगी रंग आणि ‘बेस’ या शब्दाचा घोळ

जुन्या रंगीत निगेटिव्ह आता कॅमेऱ्याने किंवा स्कॅनरने डिजिटल केल्या जात आहेत. त्यात पहिली अडचण येते ती त्यांच्या नारिंगी रंगाची. सर्रास त्याला ‘बेसचा रंग’ म्हणतात आणि बरीचशी गफलत या नावातूनच होते. बेस म्हणजे खालची प्लास्टिकची पट्टी. ती जवळपास रंगहीन असते. नारिंगी छटा असते वरच्या इमल्शनच्या, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेपाच्या, थरांत.

1940 च्या आसपास जर्मनीत आलेल्या रंगीत निगेटिव्हमध्ये ही छटा नव्हती. पण त्यांच्या रंगद्रव्यांत एक दोष होता. मॅजेन्टाने (किरमिजी रंगद्रव्याने) फक्त हिरवा प्रकाश अडवावा अशी अपेक्षा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायन (निळसर-हिरवे रंगद्रव्य) लालसोबत थोडा हिरवा आणि निळाही गिळतो. निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढताना कागदाच्या रंगद्रव्यांचे दोष त्यात मिसळतात आणि रंग मळकट होतात.

1940 च्या दशकातच अमेरिकेत यावर तोड निघाली. मॅजेन्टा ज्या रसायनापासून तयार होतो, त्या कपलरलाच पिवळा रंग दिला. जिथे मॅजेन्टा तयार होतो तिथे हा पिवळा खर्ची पडतो, जिथे होत नाही तिथे तो उरतो. त्यामुळे निळा प्रकाश सगळीकडे सारखाच अडतो. सायनच्या कपलरला याच हिशेबाने लालसर रंग दिला. उरलेला पिवळा आणि लालसर मिळून नारिंगी दिसतो. म्हणजे हा नारिंगी पडदा, ज्याला मास्क म्हणतात, फिल्मवर ओतलेला रंग नाही. ती एक फिकट पॉझिटिव्ह प्रतिमाच आहे, आणि रंगद्रव्यांच्या दोषांत मिसळून ती सपाट पडदा बनते. मला तरी ही रंगीत छायाचित्रणातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

1950 मध्ये ती सिनेमाच्या निगेटिव्हमध्ये आली. 1972 च्या सी-41 प्रक्रियेच्या (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) फिल्मनेही ती कायम ठेवली. प्रिंटचा कागद या नारिंगीचा हिशेब धरूनच बनत असल्याने लॅबमध्ये तिची कधी तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली संगणकावर. चित्र उलटे करायचे आणि मग दिसणारी निळी झाक वजा करायची, हा सल्ला फार पसरला. तो चुकीचाच आहे. पडदा सपाट आहे तो घनतेत, म्हणजे फिल्म किती प्रकाश अडवते त्या मापात, आणि घनता लॉगरिदमिक असते: तिच्यातली बेरीज म्हणजे प्रकाशाचा गुणाकार. म्हणून प्रकाशाच्या हिशेबात पडद्याचा परिणाम गुणाकाराचा ठरतो. त्यामुळे रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलच्या) लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणातल्या, आकड्यांना, चित्र उलटे करण्याआधी, लाल, हिरव्या, निळ्या अशा प्रत्येक चॅनेलमध्ये कोऱ्या फिल्मच्या आकड्याने भागायला हवे. वजाबाकीने एक टोक जुळते आणि दुसरे सरकते: सावल्या बऱ्या दिसल्या तर उजळ भाग रंग बदलतात.

भागाकारानेही सगळे सुटत नाही. पडद्याचा सपाटपणा कागदासाठी बेतलेला आहे. कागदाचा लाल थर 700 नॅनोमीटरच्या आसपास पाहतो, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरचे फिल्टर रुंद आणि एकमेकांवर चढलेले असतात. म्हणूनच अलीकडे पांढऱ्या एलईडीऐवजी लाल, हिरव्या, निळ्या अरुंद पट्ट्यांचे दिवे वापरण्याकडे कल आहे. शिवाय निळ्या प्रकाशात कोऱ्या फिल्मची घनता 0.9 धरली तर जेमतेम आठवा हिस्सा प्रकाश पलीकडे जातो. एक्स्पोजर लाल चॅनेल बघून ठरवले की निळ्यात नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, भरतो.

स्कॅन करून देणारे बहुतेक वेळा फ्रेमच्या कडा कापूनच फाइल देतात. भागायला लागणारा कोऱ्या फिल्मचा आकडा नेमका त्या कडांमध्येच असतो.